व्हीओटूची फिल्म ३५ अंशांवर पलटवायची आहे: टंगस्टन घालू की ताण देऊ?

रबाळे_नाका

नमस्कार मंडळी.

व्हॅनेडियम डायऑक्साइड (यापुढे व्हीओटू) ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास अवाहकाचा धातू होतो, हे मॉरिनने १९५९ साली दाखवलं. मला हाच बदल ३५ अंशांवर हवा आहे. उपयोग: बॅटरीच्या सेलवर बसवायचा तापमान-स्विच.

अटी अशा. सबस्ट्रेट (फिल्म जिच्यावर बसवायची ती चकती) म्हणजे ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलेलं सिलिकॉन. फिल्म ८० ते १०० नॅनोमीटर. थंड आणि गरम अवस्थेतल्या रोधाचं गुणोत्तर किमान १०००. हाताशी दोन इंची मॅग्नेट्रॉन (प्लाझ्माने टार्गेटचे अणू झडवून फिल्म बसवणारी गन), व्हॅनेडियम धातूचं टार्गेट आणि ५५० अंशांपर्यंत जाणारा हीटर. फिल्म बसवायला लेझर नाही.

सध्याची फिल्म ५०० अंशांवर, आर्गॉन आणि ऑक्सिजनमध्ये बसवलेली. तापवताना ६९ ला पलटते, निववताना ६१ ला परत येते. गुणोत्तर ८०० च्या आसपास.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या सबस्ट्रेटवर नुसत्या ताणाने हे तापमान २७ अंशांपर्यंत उतरतं असं वाचलं. दुसरीकडे टंगस्टनचं डोपिंग (परक्या अणूंची मोजकी भेसळ) आहेच. कुठली वाट धरावी?

पातळसर

दोन्ही. आणि तिसरा भिडू ऑक्सिजन, तो न बोलावताच येतो.

रुटाइल

ताणाचा हिशेब आधी मांडतो म्हणजे ती वाट तुम्हाला का बंद आहे ते दिसेल.

गरम अवस्थेत व्हीओटूची जाळी रुटाइल असते: अ-अक्ष ४.५५४ अँगस्ट्रॉम, क-अक्ष २.८५६. टायटॅनियम डायऑक्साइडही रुटाइलच, पण थोडा ऐसपैस: ४.५९४ आणि २.९५९. व्हॅनेडियमच्या साखळ्या क-अक्षाच्या दिशेने जातात आणि थंड होताना त्याच दिशेने अणू जोड्या बांधतात. त्यामुळे सगळा खेळ क-अक्षाचा.

सबस्ट्रेट (००१) कापाचा, म्हणजे क-अक्षाला काटकोनात कापलेला, घेतला तर फिल्मचे दोन्ही अ-अक्ष पृष्ठभागाला समांतर पडतात आणि सुमारे ०.९ टक्के ताणले जातात. आडवी ताणली की फिल्म उभी आखडते, क-अक्ष लहान होतो आणि धातू अवस्था स्वस्त पडते. तापमान ३०० केल्विनपर्यंत उतरतं. तोच सबस्ट्रेट (११०) कापाचा घेतला तर क-अक्ष पृष्ठभागातच येतो, उलट ओढला जातो आणि तापमान ३६९ केल्विनपर्यंत चढतं. मुराओका आणि हिरोई यांचं २००२ सालचं काम आहे. पदार्थ तोच, फक्त काप बदलला, आणि जवळजवळ ७० अंशांचा फरक.

आता अडचण. (००१) वर हा ताण १५-२० नॅनोमीटरपर्यंतच टिकतो. पुढे फिल्मला तडे जातात, ताण सुटतो, आणि वक्रात एका पायरीऐवजी दोन-तीन पायऱ्या दिसू लागतात. तुम्हाला १०० नॅनोमीटर हवी आहे, तीही सिलिकॉनच्या ऑक्साइडवर. तो काचेसारखा, त्याला जाळीच नाही. जिथे पकडायला हात नाही तिथे ओढणार कसं?

मुंब्रा_लोकल

जाता जाता शुद्धलेखन-समितीतर्फे: पाठ्यपुस्तकात 'स्ट्रेन'ला 'विकृती' म्हणतात, ताण म्हणजे 'टेन्शन'.

पातळसर

मान्य. पण ग्रँटच्या अर्जात 'विकृत फिल्म' लिहिलं तर तो भलत्याच मंत्रालयात जाईल. ताणच बरा.

अणुरेणू

@रुटाइल, काचेसारख्या थरावर ताण शून्य असतो असं मात्र नाही. वाढीच्या तापमानावरून खाली येताना फिल्म आणि सबस्ट्रेट यांच्या आकुंचनात फरक पडतो. सिलिकॉनचा प्रसरणांक २.६ दशलक्षांश प्रति अंश, वितळवलेल्या क्वार्ट्झचा ०.५ च्या आसपास. फिल्म आणि सबस्ट्रेट यांच्यातला फरक समजा ५ दशलक्षांश धरला आणि ४५० अंश खाली आलो, तर ०.२ टक्क्यांहून थोडा जास्त ताण बसतो. दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

रुटाइल

आकडा बरोबर, पण उपयोग नाही. बहुस्फटिकी फिल्ममध्ये कणांचे क-अक्ष वेगवेगळ्या दिशांना असतात. तोच ताण एका कणाचं तापमान खाली खेचतो, शेजारच्याचं वर ढकलतो. मधला बिंदू जवळपास जागेवरच राहतो आणि वक्र फक्त पसरतो. असा ताण म्हणजे नुसता त्रास.

अणुरेणू

हे पटलं.

घणसोली_सेक्टर_९

मग उरलं टंगस्टन. सहा-संयुजी टंगस्टन व्हॅनेडियमच्या जागी बसतो आणि दोन जादा इलेक्ट्रॉन देतो. शेजारचे व्हॅनेडियम तीन-संयुजी होतात, जोड्या मोडतात, अवाहक अवस्था डळमळते. दर अणु-टक्क्याला २० ते २५ अंश खाली. मॉलिब्डेनमने साधारण निम्मं काम होतं. क्रोमियम आणि ॲल्युमिनियम उलट वर नेतात, म्हणून खोलीत कुठे क्रोमियमचं टार्गेट चालत असेल तर शटर बंद आहे ना ते बघा.

तुमच्या फिल्मचा मध्यबिंदू ६५. तिथून ३५ म्हणजे ३० अंश, म्हणजे १.२ ते १.५ अणु-टक्के टंगस्टन.

मिश्रधातूचं टार्गेट मागवण्याआधी तारेचे तुकडे वापरून बघा. दोन इंची टार्गेटवर जी खोलगट चाकोरी पडते तिचा मधला व्यास साधारण २८ मिलिमीटर, रुंदी १० मिलिमीटर धरली तर क्षेत्रफळ ८८० चौरस मिलिमीटर होतं. त्याचे १.५ टक्के म्हणजे १३. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेचा १ सेंटिमीटर तुकडा ५ चौरस मिलिमीटर झाकतो, म्हणजे असे दोन-अडीच तुकडे. आर्गॉनखाली व्हॅनेडियम आणि टंगस्टन जवळपास सारख्याच वेगाने झडतात, त्यामुळे पहिल्या अंदाजाला क्षेत्रफळाचं प्रमाण पुरतं. तुकडे चाकोरीला आडवे, केंद्रापासून बाहेरच्या दिशेने ठेवा. चाकोरीच्या मध्यावर झीज जास्त आणि कडेला कमी असते, आडवा तुकडा दोन्ही सारखं झाकतो.

रबाळे_नाका

छान. पण गन वर आहे, तोंड खाली.

घणसोली_सेक्टर_९

मग तारा सबस्ट्रेटवर पडतील, आणि डोपिंग शंभर टक्के.

तोंड खाली असेल तर टार्गेटला चाकोरीच्या मध्यावर भोकं पाडून टंगस्टनच्या कांड्या ठोकून बसवा. १ मिलिमीटरच्या कांडीचं तोंड ०.७८ चौरस मिलिमीटर, म्हणजे १३ साठी १७ भोकं. १.६ मिलिमीटरची कांडी असेल तर ६ किंवा ७. भोक आरपार नेऊ नका, मागच्या तांब्याच्या पाटीवर इंडियमने चिकटवलेलं टार्गेट असेल तर खासकरून. आरपार गेलं की प्लाझ्मा तांबं खायला लागतो. आणि सगळी भोकं एकदम पाडू नका. आधी निम्मी, मग फिल्म, मग उरलेली. भोक बुजवता येत नाही.

चिंचपोकळी_ते_चिरनेर

वाखुसा (वाचनखूण साठवली).

कोलशेत_रोड

हेच खिडकीच्या काचेवर लावलं तर? घोडबंदर रोडच्या काचेच्या टॉवरांना उन्हात आपोआप गडद होणारी काच, एसीचं बिल निम्मं.

रुटाइल

गडद होत नाही. डोळ्याला दिसणारा प्रकाश दोन्ही अवस्थांत जवळपास तेवढाच जातो, बदलतो तो अवरक्त. फिल्म मुळातच पिवळट-तपकिरी दिसते.

शिवाय ही युक्ती थंडीत ऊन आत घ्यायचं आणि उन्हाळ्यात अडवायचं अशा गावांसाठी आहे. ठाण्यात ऊन आत कधी घ्यायचं असतं? जानेवारीतल्या चार पहाटा सोडल्या तर कधीच नाही. इथे न पलटणारा साधा अवरक्त-परावर्तक थर जास्त काम करेल आणि स्वस्तही पडेल.

कोलशेत_रोड

स्टार्टअपची कल्पना ११ मिनिटांत संपली. धन्यवाद.

खाडीचं_वारं

टंगस्टनच्या आधी ऑक्सिजन. ऑक्सिजनची जागा रिकामी राहिली की तीही दोन इलेक्ट्रॉन सोडते, म्हणजे तेही डोपिंगच. तापमान खाली येतं, वक्र पसरतो, गुणोत्तर पडतं. लक्षणं सगळी टंगस्टनसारखी. म्हणून 'टंगस्टनने एवढे अंश उतरले' असा दावा बिनडोपची जोडफिल्म शेजारी ठेवल्याशिवाय करू नये.

व्हॅनेडियमच्या ऑक्साइडांची रांग दाटीवाटीची आहे. ऑक्सिजन थोडा कमी पडला तर व्हीटूओथ्री येतो, खोलीच्या तापमानाला धातू, त्याचा बदल १५०-१६० केल्विनला. थोडा जास्त झाला तर आधी व्हीसिक्सओथर्टीन, मग पिवळा व्हीटूओफाइव्ह. तो ६८० अंशांच्या आसपास वितळतो, आणि त्याची भुकटी श्वासात जाणं वाईट, चेंबर घासताना मास्क लावा.

बहुतेक सेटअप इथे चुकतात: ऑक्सिजनसाठी १०० एससीसीएमचा (मिनिटाला इतके घन सेंटिमीटर वायू) फ्लो कंट्रोलर. त्याची अचूकता पूर्ण आवाक्याच्या १ टक्का, म्हणजे १ एससीसीएम. तुम्हाला हवाय २ किंवा ३ एससीसीएम प्रवाह, आणि व्हीओटूची खिडकी एक-दोन दशांश एससीसीएमएवढी अरुंद. काट्याने सोनं तोलायचं आणि काटा भाजीवाल्याचा. १० एससीसीएम आवाक्याचा बसवा.

आणि आकडा पाळू नका, गनचं व्होल्टेज पाळा. शुद्ध आर्गॉनमध्ये १५-२० मिनिटं शटर बंद ठेवून टार्गेट साफ करायचं, व्होल्टेज स्थिर झालं की लिहून ठेवायचं, मग ऑक्सिजन ०.१ च्या पायऱ्यांनी वाढवत जायचं. टार्गेटच्या पृष्ठभागावर ऑक्साइड चढला की व्होल्टेज एकदम उडी मारतं. ऑक्सिजन कमी करत परत आलात तर उडी त्याच जागी उलटत नाही, उशिरा उलटते. म्हणजे फिल्मसारखाच टार्गेटलाही हिस्टेरेसिस (जाता-येताचा फरक) आहे. नेहमी एकाच बाजूने या, नाहीतर सकाळची फिल्म आणि दुपारची फिल्म एका आईची वाटणार नाही.

पातळसर

+१. भाजीवाल्याच्या काट्याला विशेष.

अणुरेणू

एक पर्यायी वाट. खोलीच्या तापमानाला नुसता व्हॅनेडियम धातू बसवायचा आणि नंतर ४५० अंशांना कमी दाबाच्या ऑक्सिजनमध्ये भाजायचा. टार्गेटच्या उडीची कटकट नाही. जाडीचा हिशेब मात्र बदलतो: धातूचा व्हीओटू झाला की घनफळ साधारण २.२ पट होतं, म्हणजे ४५ नॅनोमीटर धातूतून १०० नॅनोमीटर फिल्म. जाडी ३ पटीच्या पुढे गेली तर समजा व्हीटूओफाइव्हपर्यंत वाहावलात. टंगस्टन एकाच वेळी झडवलेला असेल तर या पद्धतीतही चालतो.

खाडीचं_वारं

चालतो, पण भट्टीतली वेळ पाच मिनिटांनी चुकली तरी खालचा थर वेगळा आणि वरचा वेगळा. गुणोत्तर १००० मागणाऱ्याला मी हे सुचवणार नाही.

अणुरेणू

वेळ नव्हे, दाब. दाब खिडकीत असेल तर जादा वेळ भाजूनही व्हीओटूवरच थांबतो. घाई करणारे दाब वाढवतात आणि मग वेळेला दोष देतात.

कळवा_कारशेड

टंगस्टन किती गेला ते मोजणार कसं? इडीएस (इलेक्ट्रॉन मारून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणं) लावलंत तर फसाल. टंगस्टनची एम-रेषा १.७७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, सिलिकॉनची के-रेषा १.७४ ला. सिलिकॉनवर ठेवलेल्या १०० नॅनोमीटर फिल्ममधला दीड टक्का टंगस्टन त्या डोंगराखाली गाडला जातो. सॉफ्टवेअर तरीही ऐटीत दोन दशांश स्थळांपर्यंत टक्केवारी छापतं. व्हॅनेडियमची एल-रेषा ऑक्सिजनवर बसते, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाणही तिथे विचारू नका. टायटॅनियम डायऑक्साइडवर गेलात तर टायटॅनियमची के-बीटा ४.९३ आणि व्हॅनेडियमची के-अल्फा ४.९५.

टंगस्टन जड आहे, म्हणून आरबीएस (फिल्मवरून उलट उसळणारे आयन मोजणं) उत्तम: २ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या हेलियमने त्याचं शिखर वेगळं, स्वच्छ दिसतं. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागातून निघणारे इलेक्ट्रॉन मोजणं) टंगस्टनची ४एफ रेषा व्हॅनेडियमच्या ३पी जवळ येते, म्हणून ४डी बघा. या दोन्ही सोयी नसतील तर शेजारी सफायरचा तुकडा ठेवून त्यावरची फिल्म इडीएसला द्या, सिलिकॉनचा डोंगर तरी जाईल.

मुंब्रा_लोकल

ऑक्साइड फिल्मच्या दुनियेत अशा फसवणुकी नेहमीच्याच. स्ट्रॉन्शियम टायटनेटवर कमी ऑक्सिजनमध्ये फिल्म वाढवायची, रोध कोसळला की 'ताणामुळे वाहकता वाढली' लिहायचं, आणि वाहत असतो खालचा सबस्ट्रेट. तापवल्यावर त्यातलाच ऑक्सिजन निघून जातो आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा सबस्ट्रेट मिळून ५० नॅनोमीटरच्या फिल्मला सहज झाकतो. परीक्षा सोपी: फिल्म न बसवता तेच तापमान, तोच दाब, तेवढाच वेळ कोरा सबस्ट्रेट ठेवा आणि मोजा. आर्गॉन आयनांनी कोरलात तरी त्याचा पृष्ठभाग वाहक होतो.

रुटाइल

ताण खरा की खोटा हे क्ष-किरणांनी ठरवायचं, रोधाने नव्हे. उदाहरणच द्यायचं तर त्याच सबस्ट्रेटवरचा लँथेनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट, ०.७-०.३ वाला. मूळ जाळी ३.८८ अँगस्ट्रॉम, सबस्ट्रेट ३.९०५, म्हणजे आडवा ताण ०.६४ टक्के. पॉइसन गुणोत्तर (एका दिशेने ओढल्यावर आडव्या दिशेने किती आखडतं ते) एक तृतीयांश धरलं तर उभी जाळी साधारण तितकीच आखडून ३.८५५ व्हायला हवी. तांब्याच्या के-अल्फाला (००२) शिखर ४७.१ अंशांना यायला हवं, सबस्ट्रेटचं ४६.४७ ला. रेसिप्रोकल मॅपमध्ये (आडवी आणि उभी जाळी एकत्र दाखवणारा क्ष-किरण नकाशा) आडवी जाळी जुळलेली दिसते आणि तरी उभी ३.८८ येते, तर ती फिल्म फुगलेली आहे: ऑक्सिजन कमी किंवा धातूंचं प्रमाण चुकलेलं. ताण आणि रसायन वेगळं करायला एवढे दोन आकडे पुरतात, आणि तेच दोन बऱ्याच ठिकाणी छापलेले नसतात.

चिंचपोकळी_ते_चिरनेर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पातळसर

काय लिहिलं होतंत हो?

चिंचपोकळी_ते_चिरनेर

चुकीच्या धाग्यावर मोदकाची पाककृती. उकडीला ताण जास्त झाला होता.

घणसोली_सेक्टर_९

मूळ प्रश्नाकडे. @रबाळे_नाका, वाईट बातमी राहिलीच. टंगस्टन फुकट येत नाही. जादा इलेक्ट्रॉन मुख्यतः थंड अवस्थेचा रोध पाडतात, गरम अवस्था जवळपास तशीच राहते. दीड टक्क्याला गुणोत्तर दहा पट किंवा त्याहून जास्त घसरतं. तुमच्या ८०० चे ५०-८० राहतील. ३५ अंश आणि १००० गुणोत्तर, दोन्ही याच सबस्ट्रेटवर मिळणार नाहीत.

सुरुवातीचं गुणोत्तर हे भांडवल समजा. टंगस्टन ते खर्च करतो. आधी भांडवल वाढवा, म्हणजे कणांच्या सीमा कमी करा. सी-काप किंवा आर-काप सफायरवर फिल्म एका दिशेला लागून वाढते आणि बिनडोप गुणोत्तर १०,००० पर्यंत जातं. सी-कापावर व्हीओटूचं (०२०) शिखर ४० अंशांच्या किंचित अलीकडे, सफायरचं (०००६) ४१.७ ला, ओळखायला सोपं. इथे सफायरचे पैसे ताणासाठी द्यायचे नाहीत, नीट लागलेल्या कणांसाठी द्यायचे. ताण तर १०० नॅनोमीटरला बराचसा सुटलेलाच असतो.

रुटाइल

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). एक जोड: सफायरवरही ताणाची हौस भागवता येते. एम-काप सफायरवर टायटॅनियम डायऑक्साइड (००१) दिशेने वाढतो, त्यावर १० नॅनोमीटर व्हीओटू. ४०० अंशांच्या वर फार जाऊ नका, टायटॅनियम वर चढून फिल्ममध्ये मिसळतो आणि मग नक्की कशामुळे काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

खाडीचं_वारं

मोजणीबद्दल कोणी बोललंच नाही. ६९-६१ हा हिस्टेरेसिस फिल्मचा आहे की थर्मोकपलचा? सेन्सर हीटरच्या ठोकळ्यात आणि फिल्म वर, मध्ये अर्धा मिलिमीटर सिलिकॉन आणि हवेची फट, असं असेल तर तापवताना फिल्म मागे राहते, निववतानाही मागे राहते, आणि ४-५ अंश फुकट मिळतात. पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमान-सेन्सर) फिल्मच्या पातळीवर, शेजारच्या तशाच तुकड्यावर चिकटवा. गती मिनिटाला १ अंश. मग २ अंशांनी करून बघा. हिस्टेरेसिस रुंदावला तर तो मोजणीचा.

चार टोकांनीच मोजा. धातू अवस्थेत फिल्म १०० ओहम आणि दोन टोकांच्या स्पर्शाचा रोध ५० असेल तर गुणोत्तराचा एक तृतीयांश तिथेच गेला. प्रवाह १० मायक्रोॲम्पिअरच्या आत, नाहीतर फिल्म स्वतःच्याच उष्णतेने पलटते.

आणि हे खास आपल्या खाडीकाठासाठी. जुलैत इथला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. टंगस्टनवाल्या फिल्मचा थंड भाग बघायला १५ अंशांपर्यंत उतरलात की तिच्यावर पाणी धरतं आणि रोध पडलेला दिसतो. खोका बंद करून कोरडा नायट्रोजन सोडा. हेच चेंबरबाबत: चिलर १५ वर चालू ठेवून चेंबर उघडलं की आतल्या भिंती आणि गन घामाघूम, पुढचा अख्खा दिवस पंप फक्त पाणी ओढतो, आणि ते पाणी म्हणजे न मोजलेला ऑक्सिजन. उघडण्याआधी चिलर बंद किंवा २६-२७ वर, आणि हवेऐवजी नायट्रोजनने भरा. पावसाळ्यात 'रेसिपी बिघडली' म्हणतात ती बहुतेक वेळा इथे बिघडलेली असते.

कळवा_कारशेड

यात जोडतो: तयार फिल्मही दमट हवेत उघडी ठेवू नका. पृष्ठभाग हळूहळू पाच-संयुजी होतो. एक्सपीएसमध्ये व्हॅनेडियम ५१७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर दिसलं तर लगेच वाढीला दोष देऊ नका. वर ५-१० नॅनोमीटर ॲल्युमिनाचं पांघरूण घाला.

अणुरेणू

माझा एक बाळबोध प्रश्न. ३५ हा आकडा आला कुठून?

रबाळे_नाका

'शरीराच्या तापमानाच्या जवळ, सुरक्षित' असा विचार होता. गणित नाही केलं.

अणुरेणू

मग करूया. हिस्टेरेसिस ८ अंशांचा. तापवताना ३५ ला पलटली तर परत यायला २७ च्या खाली जावं लागेल. मे महिन्यात ठाण्यात रात्रीचं तापमानच २७ च्या आसपास. दुपारी ३५ ओलांडलं की हवेनेच स्विच पडणार आणि पहिल्या पावसापर्यंत पडलेलाच राहणार.

लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश असते. स्विच तिथेच हवा. तापवताना ४६-४७ ला पलटला तर निववताना ३८-३९ ला परत येतो, म्हणजे मे महिन्यातही सुटतो.

घणसोली_सेक्टर_९

वा. मग ६९ वरून ४७, फक्त २२ अंश. टंगस्टन ०.९ ते १.१ टक्के. डोपिंगने हिस्टेरेसिसही थोडा आवळतो, ते तुमच्या फायद्याचं. सी-काप सफायरवर १०,००० ने सुरू केलंत तर १००० हाताशी आहे. सिलिकॉनच हवं असेल तर १०० च्या आसपास समाधान माना. स्विचला खरं म्हणजे १०० पुरतात, पुढच्या सर्किटला विचारून बघा.

८८० चौरस मिलिमीटरचा एक टक्का म्हणजे ९. १ मिलिमीटरच्या ११ कांड्या, किंवा १.६ च्या ४. आधी ५ ठोका, सिलिकॉन आणि सफायरचे तुकडे एकाच वेळी शेजारी ठेवून फिल्म काढा. बिनडोप जोडीशी तुलना करून दोन्हींवर सारखेच अंश उतरले तर टंगस्टनचं काम, एकावरच उतरले तर ऑक्सिजन किंवा ताण शोधा.

रबाळे_नाका

४७ ठरलं. सर्किटवाल्यांना १०० चालतात. सफायरही मागवतो. १ मिलिमीटर टंगस्टनची कांडी सुटी कुठे मिळेल? ऑनलाइन किमान अर्धा किलो म्हणतात.

मुंब्रा_लोकल

वागळे इस्टेटमध्ये वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात टिग वेल्डिंगचं इलेक्ट्रोड मागा. १.०, १.६ आणि २.४ मिलिमीटर मिळतात. टोकाला हिरवा रंग असलेलंच घ्या, ते शुद्ध टंगस्टन. करड्यात सीरियम, सोनेरी आणि निळ्यात लँथेनम. लाल तर अजिबात नको, त्यात थोरियम असतो. दुकानदार 'सगळं एकच, साहेब' म्हणेल. हिरवा.